मृत्यूचे भाकीत आणि आकड्यांची साक्ष : विषाणुजन्य आजारातील अत्यवस्थ रुग्णांच्या जोखीम-गुणांकांची चिकित्सा

गोषवारा

विषाणुसंसर्गामुळे अत्यवस्थ झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता आकड्यात सांगणाऱ्या अनेक पद्धती कोविड-१९ च्या काळात पुढे आल्या. प्रस्तुत लेखात सोफा गुणांक, वुहान येथील तीन रक्तघटकांचे प्रतिमान आणि ब्रिटनमधील फोर-सी गुणांक या तीन पद्धतींची संख्याशास्त्रीय दृष्टीने चिकित्सा केली आहे. असा आकडा विशिष्ट समूहाविषयी, विशिष्ट काळात केलेले विधान असतो. तो एका रुग्णाविषयीचा निकाल मानला गेला, तर त्यावर आधारलेला निर्णयच भाकीत खरे ठरवू शकतो, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजशब्द : मृत्युजोखीम, गुणांक, प्रतिमान, अतिदक्षता विभाग, कोविड-१९, पडताळणी.

प्रस्तावना

रोग्याची लक्षणे पाहून तो वाचेल की नाही हे सांगण्याची परंपरा वैद्यकाइतकीच जुनी आहे. आयुर्वेदात साध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि असाध्य असे रोगांचे भेद केलेले आहेत, आणि चरकसंहितेचे इंद्रियस्थान हे संपूर्ण प्रकरण मरणसूचक लक्षणांना वाहिलेले आहे. आधुनिक वैद्यकाने या जुन्या प्रश्नाला संख्येची जोड दिली. ‘रुग्ण गंभीर आहे’ या विधानाच्या जागी ‘अशा शंभर रुग्णांपैकी इतके दगावतात’ हे विधान आले. ही प्रगती होय, यात शंका नाही. मात्र दुसरे विधान कानावर पडताना पुष्कळदा ‘हा रुग्ण दगावणार’ असेच ऐकले जाते. या दोन विधानांमधील अंतर हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक संख्याशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्यक शाखेचा नाही. त्यामुळे उपचारांविषयी मत देण्याचा अधिकार तो सांगत नाही. आकडा कसा तयार झाला, तो कोणाला लागू पडतो आणि त्याच्या आधारे काय करता येत नाही, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

गुणांकांची पूर्वपीठिका

अतिदक्षता विभागातील गुणांकपद्धतींमध्ये ‘अपाची-२’ ही पद्धत विशेष प्रसिद्ध आहे. विल्यम नॉस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. अमेरिकेतील १३ रुग्णालयांच्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या ५,८१५ रुग्णांच्या नोंदी तिच्या मुळाशी होत्या. शरीरातील १२ मापने, वय आणि आधीचे दीर्घकालीन आजार यांवरून ० ते ७१ असा गुणांक त्यात काढला जातो.

त्यानंतर १९९६ मध्ये जाँ-लुई व्हिन्सेंट व सहकाऱ्यांचा ‘सोफा’ गुणांक आला. श्वसन, रक्त गोठण्याची क्रिया, यकृत, रक्ताभिसरण, मज्जासंस्था आणि मूत्रपिंड या सहा संस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण देऊन २४ पैकी बेरीज करावयाची, अशी त्याची सोपी रचना आहे. येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवली पाहिजे. या गुणांकाच्या कर्त्यांनी तो अवयवांच्या बिघाडाचे दिवसागणिक वर्णन करण्यासाठी तयार केला होता. मृत्यूचे भाकीत करणे हा त्यामागील हेतू नव्हता.

पुढील दशकांत नेमका हाच हेतू त्याला चिकटला. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतासाठी २००६ मध्ये फ्लूच्या संभाव्य महासाथीचा विचार करून रुग्णांच्या निवडीचा जो आराखडा प्रसिद्ध झाला, त्यात सोफा गुणांक ११ पेक्षा अधिक असणे हा अतिदक्षता उपचारांतून वगळण्याचा एक निकष होता. न्यूयॉर्क राज्याच्या २०१५ च्या व्हेंटिलेटर-वाटपाच्या मार्गदर्शक सूचनांतही याच गुणांकाचा आधार घेतलेला आहे. अशा रीतीने वर्णनाचे साधन वाटपाचे साधन बनले.

हे साधन विषाणुजन्य न्यूमोनियात कितपत चालते? अमेरिकेतील रॅश्के व सहकाऱ्यांनी व्हेंटिलेटरची गरज भासलेल्या ६७५ कोविड रुग्णांवर सोफाची परीक्षा घेतली आणि तिचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. मरणारे आणि वाचणारे यांच्यात भेद करण्याची क्षमता मोजण्यासाठी ०.५ ते १ अशी एक मोजपट्टी वापरतात. त्यात ०.५ म्हणजे नाणेफेक, तर १ म्हणजे बिनचूक भेद. या पट्टीवर सोफाला ०.५९ मिळाले. केवळ रुग्णाचे वय विचारले असता ०.६६ मिळाले. सहा संस्थांच्या तपासण्यांपेक्षा जन्मतारीख अधिक बोलकी ठरली.

याचे कारण गुणांकाच्या रचनेत शोधता येते. या आजारात व्हेंटिलेटर लावण्याच्या वेळी मुख्यतः फुप्फुसेच निकामी होत असतात. उरलेल्या पाच संस्था त्या क्षणी पुष्कळदा बऱ्या स्थितीत असतात. परिणामी बहुतेक रुग्णांची बेरीज एकाच टप्प्यात घोटाळते आणि त्यांच्यात फरक करता येत नाही. अनेक अवयवांच्या बिघाडासाठी बनवलेली पट्टी एका अवयवाच्या आजाराला लावल्याचा हा परिणाम होय.

वुहानचे प्रतिमान : ९० टक्क्यांचा अर्थ

मे २०२० मध्ये ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’ या नियतकालिकात ली यान व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. वुहानमधील ४८५ रुग्णांच्या रक्तनमुन्यांवरून यंत्रशिक्षणाच्या साहाय्याने त्यांनी तीन घटक निवडले : लॅक्टेट डिहायड्रोजिनेज हे विकर, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचे प्रमाण आणि सीआरपी हे दाहदर्शक प्रथिन. या तिन्हींवरून मृत्यूचे भाकीत दहाहून अधिक दिवस आधी ९० टक्क्यांहून अधिक अचूकतेने करता येते, असा निबंधाचा दावा होता. तीन साध्या तपासण्या आणि फळ्यावर मांडता येईल असा निर्णयवृक्ष ही त्याची आकर्षक बाजू. साथीच्या भरात हा दावा जगभर पोहोचला, यात नवल नाही.

या निबंधाचा गुणविशेष प्रथम सांगितला पाहिजे. त्यातील आकडेवारी खुली करण्यात आली आणि पद्धत इतकी स्पष्ट होती की इतरांना ती पडताळता आली. नेदरलँड्स, फ्रान्स आणि न्यूयॉर्क येथील संशोधकांनी आपापल्या रुग्णांवर ती लावून पाहिली आणि त्याच नियतकालिकात आपले निष्कर्ष मांडले. मूळ अचूकता कोठेच टिकली नाही. ज्यांच्या मृत्यूचे भाकीत झाले होते, असे अनेक रुग्ण जगले.

असे का घडले, याची दोन कारणे अध्यापकांनी विद्यार्थ्यांसमोर उदाहरण म्हणून ठेवावीत अशी आहेत. पहिले कारण मापनाच्या क्षणाचे. प्रतिमान घडवताना प्रत्येक रुग्णाचा शेवटचा उपलब्ध रक्तनमुना वापरला होता. मृत्यूच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाचे रक्त आणि घरी जायला निघालेल्या माणसाचे रक्त यांत भेद करणे अवघड नसते. डॉक्टरांना प्रश्न पडतो तो दाखल होण्याच्या दिवशी. त्या दिवशीच्या नमुन्यांवर परीक्षा घेतली की प्रतिमान चाचपडू लागते.

दुसरे कारण मूळ समूहातील मृत्यूच्या प्रमाणाचे. प्रतिमान ज्या ३७५ रुग्णांवर घडले, त्यांपैकी १७४ म्हणजे सुमारे ४६ टक्के दगावले होते. हे प्रमाण वेगळ्या ठिकाणी बदलले तर काय होते, हे साध्या अंकगणिताने दाखवता येईल. एखादी पद्धत मरणाऱ्या शंभरांतील ९० जणांना आणि वाचणाऱ्या शंभरांतील ९० जणांना बरोबर ओळखते, असे समजू. एक हजार रुग्णांपैकी ४६० दगावणार असतील, तर ती ४१४ मृत्यू बरोबर सांगेल आणि वाचणाऱ्या ५४० पैकी ५४ जणांना चुकून मृत्यूच्या रांगेत बसवेल. म्हणजे तिने ‘मरणार’ म्हटलेल्या शंभरातील सुमारे ८८ खरोखर मरतील. आता हीच पद्धत ५ टक्के मृत्यू असलेल्या रुग्णालयात नेऊ. हजारांपैकी दगावणारे ५०. त्यांतील ४५ बरोबर ओळखले जातील. वाचणाऱ्या ९५० पैकी ९५ जणांना मात्र ‘मरणार’ असा शेरा मिळेल. एकूण १४० शेऱ्यांपैकी ९५ चुकीचे, म्हणजे दोनतृतीयांशाहून अधिक. पद्धत तीच, तिची ‘९० टक्के अचूकता’ही तीच; रुग्णाच्या नातेवाइकाला दिलेल्या उत्तराचा अर्थ मात्र उलटा झाला.

फोर-सी गुणांक : मोठ्या नमुन्याचे बळ आणि मर्यादा

वुहानचा दोष एकट्या वुहानचा नव्हता. लॉर वायनान्ट्स व सहकाऱ्यांनी ‘बीएमजे’ मध्ये कोविडविषयक प्रतिमानांचा सतत अद्ययावत होणारा आढावा घेतला. एप्रिल २०२० मध्ये त्यात ३१ प्रतिमाने होती. तिसऱ्या सुधारणेपर्यंत ती २३२ झाली. जवळपास सर्वच प्रतिमानांत अभिनतीचा, म्हणजे निष्कर्ष एका बाजूला झुकण्याचा, धोका मोठा किंवा अस्पष्ट असल्याचे त्यांना आढळले. ज्यांचा निकाल अजून लागलेला नाही अशा रुग्णांना वगळणे, लहान नमुन्यावर अनेक चलांची जुळवाजुळव करणे आणि बाहेरच्या रुग्णांवर पडताळणी न करणे, हे वारंवार दिसलेले दोष होत. या गर्दीतून ज्या दोन प्रतिमानांना त्यांनी आश्वासक म्हटले, त्यांपैकी एक फोर-सी मृत्यु-गुणांक होय.

सप्टेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या गुणांकासाठी इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समधील २६० रुग्णालयांतील रुग्ण घेतले गेले. घडणीसाठी ३५,४६३ आणि पडताळणीसाठी २२,३६१ रुग्ण होते. वय, लिंग, सहव्याधींची संख्या, श्वसनाचा वेग, रक्तातील प्राणवायूची पातळी, शुद्धीची अवस्था, युरिया आणि सीआरपी अशा आठ बाबींवरून २१ पैकी गुण दिले जातात. दाखल होतानाच उपलब्ध असणाऱ्या बाबी, मोठा नमुना आणि नंतरच्या काळातील रुग्णांवर पडताळणी, या तिन्ही दृष्टींनी ही पद्धत वुहानच्या प्रतिमानापेक्षा सरस आहे. भेदक्षमतेच्या पट्टीवर तिला पडताळणीत ०.७७ मिळाले. हा आकडा वुहानच्या दाव्यापुढे फिका वाटतो. परंतु तो अधिक प्रामाणिक आहे.

या गुणांकात ३ किंवा त्याहून कमी गुण मिळालेल्यांपैकी सुमारे १ टक्का रुग्ण दगावले, तर १५ किंवा त्याहून अधिक गुणांच्या गटात सुमारे ६२ टक्के दगावले. पहिला आकडा उपयुक्त आहे. कोणाला घरी पाठवता येईल हे ठरवण्यास तो मदत करतो. दुसऱ्याकडे मात्र थांबून पाहावे लागते. सर्वाधिक जोखमीच्या गटातही शंभरातील ३८ माणसे जगली. त्या ३८ जणांमध्ये समोरचा रुग्ण आहे किंवा नाही, हे गुणांक सांगू शकत नाही. उपचार थांबवण्याचा आधार म्हणून हा आकडा वापरणे त्याच्या ताकदीबाहेरचे आहे.

लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेज रुग्णालयातील ४११ रुग्णांवर २२ प्रतिमानांची परीक्षा घेणाऱ्या गुप्ता व सहकाऱ्यांच्या २०२० मधील अभ्यासाचा निष्कर्षही येथे महत्त्वाचा आहे. मृत्यूसाठी केवळ वय आणि प्रकृती ढासळण्यासाठी केवळ प्राणवायूची पातळी यांच्यापेक्षा अधिक उपयोगी माहिती या २२ पैकी एकाही प्रतिमानाने दिली नाही. प्रतिमान जितके गुंतागुंतीचे तितके अधिक शास्त्रीय, हा आपल्याकडील समज या निष्कर्षाने तपासून घ्यावा लागतो.

काळ, उपचार आणि विषाणू

फोर-सी गुणांकाच्या घडणीसाठी घेतलेले रुग्ण ६ फेब्रुवारी ते २० मे २०२० या काळातील होते. १६ जून २०२० रोजी ‘रिकव्हरी’ चाचणीचा डेक्सामेथासोनविषयक निष्कर्ष जाहीर झाला. व्हेंटिलेटरवरील रुग्णांतील २८ दिवसांचा मृत्युदर या औषधाने ४१.४ टक्क्यांवरून २९.३ टक्क्यांवर आला. म्हणजे गुणांक ज्या जगातून आकडे घेऊन आला होता, ते जग तो छापून येण्याआधीच बदलले होते. पुढे लसीकरण आले, विषाणूचे प्रकार बदलले. जुना गुणांक अशा काळात रुग्णांचा क्रम बरोबर लावू शकेल, पण त्याने सांगितलेली टक्केवारी प्रत्यक्षाशी जुळेलच असे नाही. क्रम लावणे आणि टक्केवारी जुळणे या दोन स्वतंत्र कसोट्या आहेत. प्रकल्प अहवालांत पहिलीच तेवढी नोंदवली जाते.

विषाणू बदलला तर क्रमही उलटू शकतो. फोर-सी गुणांकात वयाला २१ पैकी ७ पर्यंत गुण आहेत. पन्नाशीच्या आतील व्यक्तीला वयासाठी शून्य मिळते. कोविडमध्ये हे योग्यच होते. २००९ च्या एच१एन१ फ्लूच्या साथीत मात्र वृद्धांना तुलनेने संरक्षण होते आणि तरुण, मुले व गर्भवती स्त्रिया यांच्यावर मोठा आघात झाला. या साथीतील भारतातील पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात एका शाळकरी मुलीचा झाला, हे पुणेकरांच्या स्मरणात आहे. वयाला मोठे वजन देणारा गुणांक त्या साथीत वापरला असता, तर नेमके ज्यांच्याकडे लक्ष द्यायचे तेच मागे पडले असते.

भाकीत आणि निर्णय

आतापर्यंतची चर्चा आकड्याच्या अचूकतेविषयी होती. त्याहून गंभीर प्रश्न आकड्याच्या परिणामांचा आहे. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत महाराष्ट्रातील घराघरांत एकच प्रश्न विचारला जात होता : ‘स्कोअर किती आला?’ हा स्कोअर म्हणजे छातीच्या एचआरसीटी तपासणीत फुप्फुसांच्या पाच खंडांना प्रत्येकी ० ते ५ गुण देऊन २५ पैकी काढलेली बेरीज. तो त्या दिवशी फुप्फुसांचा किती भाग बाधित आहे हे सांगतो. रुग्णाचे वय, सहव्याधी, प्राणवायूची पातळी यांपैकी काहीही त्यात नाही. तरीही परीक्षेच्या गुणपत्रिकेसारखा तो वाचला गेला. फरक इतकाच की येथे अधिक गुण म्हणजे नापास.

प्रस्तुत लेखकाचे मामा त्या दिवसांत एका तालुक्याच्या ठिकाणी दाखल होते. त्यांचा स्कोअर १९ आला. मोठ्या शहरात एक खाट मिळण्याची शक्यता निर्माण झाली होती. पण ‘एकोणीस आहे, आता हलवून उपयोग नाही’ असे सांगण्यात आले आणि आम्हीही ते मान्य केले. तिसऱ्या दिवशी ते गेले. सांगणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, आणि शहरात नेले असते तर ते वाचले असते असाही दावा येथे नाही. मुद्दा एवढाच की तो दावा खोडण्याचा किंवा सिद्ध करण्याचा मार्ग त्या निर्णयानेच बंद केला. कोणी नंतर नोंदी पाहिल्या, तर ‘स्कोअर १९, मृत्यू’ ही ओळ त्या गुणांकाच्या बाजूने साक्ष म्हणून मोजली जाईल.

संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही स्वतःला खरे ठरवणाऱ्या भाकिताची समस्या आहे. गुण अधिक म्हणून उपचार कमी, उपचार कमी म्हणून मृत्यू, आणि मृत्यू म्हणून गुणांक अचूक, असे हे वर्तुळ आहे. याची दुसरी बाजूही आहे. भाकीत ऐकून डॉक्टरांनी अधिक काळजी घेतली आणि रुग्ण वाचला, तर तीच पद्धत चुकल्याची नोंद होते. याचा अर्थ असा की ज्या भाकिताचा सदुपयोग होतो ते कागदावर चुकीचे दिसते आणि ज्याचा दुरुपयोग होतो ते अचूक दिसते. म्हणून मृत्यूचे भाकीत वापरात आल्यानंतर केवळ त्याची अचूकता मोजणे पुरेसे नाही. त्याच्या वापराने रुग्णांचे हित झाले का, हे स्वतंत्रपणे तपासावे लागते.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की खाटा दहा आणि रुग्ण शंभर असताना कोणता तरी निकष लागणारच. आकडा नसेल तर ओळखपाळख आणि पैसा निकष बनतील. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्या काळात आपण सर्वांनी त्याचा अनुभव घेतला आहे. आकडा निदान सर्वांना सारखा लागतो. परंतु सारखा लागणारा आकडा न्याय्य असतोच असे नाही. नाणेफेकीहून थोडीच बरी असलेली पद्धत वापरणे म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवड करणे आणि तिला शास्त्रीय निवड म्हणणे होय. चिठ्ठ्या टाकायच्याच असतील तर तसे उघड सांगितलेले बरे. शिवाय टंचाईत कोणाला प्राधान्य द्यायचे, हा मूल्यांचा प्रश्न आहे. आकडा त्याला मदत करील. त्याची जबाबदारी मात्र माणसांनीच घ्यावयाची आहे.

निष्कर्ष

वरील चिकित्सेवरून मृत्युजोखमीचे कोणतेही प्रतिमान वाचताना पुढील प्रश्न विचारावेत असे सुचवता येईल.

१. प्रतिमान कोणत्या रुग्णांवर घडले आणि त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण किती होते?
२. मापने दाखल होतानाची आहेत की अखेरच्या टप्प्यातील?
३. ज्यांचा निकाल लागला नव्हता त्यांचे काय केले?
४. दुसऱ्या ठिकाणी आणि नंतरच्या काळात पडताळणी झाली का? सांगितलेली टक्केवारी तेथे जुळली का?
५. केवळ वय किंवा केवळ प्राणवायूची पातळी यांपेक्षा त्याने अधिक काय सांगितले?
६. आकड्यामुळे उपचार बदलले का, आणि तसे असल्यास त्याचा परिणाम कोणी तपासला?

हे प्रश्न केवळ वैद्यकीय संशोधकांसाठी नाहीत. खुली आकडेवारी उतरवून घ्यावी, तयार आज्ञावली चालवावी आणि ‘९८ टक्के अचूकता’ असा निष्कर्ष लिहावा, अशा स्वरूपाचे प्रकल्प आज आपल्या महाविद्यालयांतही होतात. आपण त्यांचे मार्गदर्शक असतो, परीक्षक असतो आणि अशा नियतकालिकांचे समीक्षकही असतो. विद्यार्थ्याने दाखवलेल्या टक्केवारीपुढे सही करण्याआधी वरीलपैकी दोन प्रश्न जरी विचारले, तरी आपले काम बऱ्याच अंशी पार पडेल.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी कोविड-१९ ची जागतिक आरोग्य आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. पुढील विषाणू कोणता असेल हे ठाऊक नाही; पण तो आल्यावर काही आठवड्यांत नवे गुणांक येतील, हे निश्चित सांगता येते. त्यांचा उपयोग करावा, परंतु रुग्णाच्या नातेवाइकांना तो सांगताना ‘अशा शंभरांपैकी इतके’ हे शब्द गाळू नयेत. त्या शब्दांत उरलेल्या माणसांची जागा असते.